वाणसामान कोठून घ्यावें?

पगाराचा दिवस झाला कीं शहरांतील मध्यमवर्गीय घरांत एक यादी तयार होते. तूरडाळ चार किलो, साखर तीन किलो, शेंगदाणे, रवा, पोहे, गोडें तेल, चहा, धुण्याचा साबण, देवाच्या उदबत्त्या. आजीच्या काळीं ही यादी पाठकोऱ्या कागदावर लिहिली जाई. आज ती दूरध्वनीच्या पडद्यावर लिहिली जाते. परंतु जिन्नसांचा क्रम बहुतेक घरांत अद्यापि तोच आहे. बदललें आहे तें यादीच्या खालचें वाक्य. पूर्वी त्या ठिकाणीं ‘शेट, मुलाबरोबर पाठवून द्यावें’ एवढेंच असे. आतां तेथें प्रश्न असतो: हें सामान कोठून आणावयाचें?

कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आणावें तर तो घरपोंच पाठवितो, महिन्याचें खातें ठेवतो. पण छापील किंमतीवर दोन रुपये सोडतांनाही त्याची मुद्रा कष्टी होते. स्टेशनापलीकडच्या मोठ्या दुकानांत जावें तर तेथें प्रत्येक फळीवर सवलतीची चिठ्ठी लावलेली असते; मात्र रविवारच्या रांगेंत पाऊण तास मोडतो. तिसऱ्या एका दुकानानें कार्ड दिलें आहे. शंभर रुपयांच्या खरेदीस एक गुण, आणि गुण सांचले कीं पुढच्या बिलांत वजावट. चौथा मार्ग खिशांतल्या यंत्राचा. बोट लावावें, दहा-पंधरा मिनिटांत सामान घेऊन मुलगा दाराशीं उभा. शिवाय अमुक बँकेच्या कार्डानें पैसे दिल्यास शेंकडा पांच परत.

या चार दारांच्या मध्यें उभ्या असलेल्या गृहिणीची अडचण वरवर पाहणाऱ्यास क्षुल्लक वाटेल. ती तशी नाहीं. २०२२-२३ सालीं कुटुंबांच्या खर्चाची जी राष्ट्रीय पाहणी झाली तींत शहरी माणसाच्या मासिक खर्चापैकीं शेंकडा सुमारें ३९ भाग खाण्यापिण्यावर जातो असें आढळून आलें. घराचा हप्ता ठरलेला, शाळेची फी ठरलेली, विजेचें बिल आपल्या हातचें नव्हे. हात आंखडावयास जागा उरते ती स्वयंपाकघरांतच. तेथें शेंकडा पांच वांचले तर मुलीची सहल होते, नाहीं तर सासऱ्यांचा चष्मा पुढच्या महिन्यावर जातो. म्हणून बक्षिसाच्या गुणांचा आणि सवलतीच्या चिठ्ठ्यांचा विचार शांतपणें आणि थोडा मुळाशीं जाऊन केलेला बरा.

मुळाशीं जावयाचें म्हणजे एकच प्रश्न पहिल्यानें विचारावयाचा. दुकानदार जें परत देतो तें तो आणतो कोठून? याचीं उत्तरें फारशीं नाहींत. तो तें आपल्या नफ्यांतून देत असेल. किंमत आधीं चढवून मग त्यांतूनच देत असेल. किंवा दुसऱ्या कोणाच्या तरी खिशांतून काढून देत असेल. हा दुसरा कोणी म्हणजे माल तयार करणारी कंपनी असूं शकेल, आणि शेजारच्या रांगेंत उभा असलेला, कार्ड नसलेला गिऱ्हाईकही असूं शकेल. बाहेरून पाहतां तिन्ही बक्षिसें सारखींच दिसतात. त्यांतील पहिल्या जातीची कथा जुनी आहे, आणि ती जरा सावकाश सांगण्यासारखी आहे.

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यांत रॉचडेल नांवाचें विणकरांचें गांव होतें. १८४४ च्या सुमारास तेथील कामकरी लोकांची स्थिति अशी होती कीं यंत्रमाग वाढत होते, मजुरी उतरत होती, ती वाढवून मागण्याचे प्रयत्न फसले होते, आणि जी कांहीं मजुरी हातीं येई ती दुकानदाराच्या खात्यावर आधींच चढलेली असे. उधारीनें बांधलेल्या गिऱ्हाइकास निवड नसते. त्या काळच्या इंग्लंडांत पिठांत तुरटी मिसळली जाई, एकदां वापरलेलीं चहाचीं पानें वाळवून पुन्हां विकलीं जात, आणि वजनाचा भरंवसा धरण्यांत अर्थ नसे. अशा स्थितींत २८ माणसांनीं आठवड्याला दोन दोन पेन्स शिल्लक टाकून माणशीं एक पौंड याप्रमाणें २८ पौंडांचें भांडवल उभें केलें आणि २१ डिसेंबर १८४४ च्या संध्याकाळीं टोड लेन नांवाच्या गल्लींत एक दुकान उघडलें. दुकानांत लोणी, साखर, पीठ, ओटचें पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच माल. फळ्या निघतांच गल्लींतील टवाळ पोरांनीं हुर्यो केली, असें त्या संस्थेच्या जुन्या इतिहासांत नमूद आहे.

या मंडळींनीं माल स्वस्त विकला नाहीं, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. त्यांनीं तो बाजारभावानेंच विकला. पण शुद्ध विकला आणि पुरा तोलून विकला. तिमाहीच्या अखेरीस खर्च जाऊन, भांडवलावरचें मर्यादित व्याज जाऊन जें कांहीं उरे तें ज्यानें जितकी खरेदी केली त्या प्रमाणांत सभासदांना परत वांटलें. चार्ल्स हॉवर्थ या सभासदाकडे या युक्तीचें श्रेय दिलें जातें. युक्ति साधी होती, पण तिनें व्यापाराची एक बाजू उलटी केली. नफा हा भांडवल घालणाऱ्याचा, ही समजूत तोंवर सर्वमान्य होती. या लोकांनीं तो खरेदी करणाऱ्याचा मानला. मत देण्याचा अधिकार भांडवलाच्या प्रमाणांत नव्हता. माणशीं एक मत होतें, आणि स्त्रियांनाही सभासद होतां येई. उधारी मात्र साफ बंद.

पुढें हा परतावा इंग्लंडभर पसरला. गृहिणी त्यास लाडानें ‘डिव्ही’ म्हणूं लागल्या. त्यांतून मुलांचे बूट येत, थंडीचे कपडे येत. नवऱ्याच्या मजुरीला हात न लावतां घरांत चार पैसे सांचण्याचा कित्येक घरांत तोच एक मार्ग होता. सभासदाचा क्रमांक लहान पोरांनाही तोंडपाठ असे, कारण दुकानांत पाठविलेल्या मुलानें क्रमांक चुकविला तर परतावा शेजाऱ्याच्या नांवावर जावयाचा!

मात्र याच गोष्टीची एक कडू बाजू आहे. परताव्याची गोडी लागल्यावर कांहीं संस्थांत सभासद मोठ्या परताव्यासाठीं हट्ट धरूं लागले, आणि मोठा परतावा द्यावयाचा तर किंमती चढ्या ठेवणें भाग पडे. म्हणजे गृहिणी स्वतःचाच पैसा आज जास्त देऊन तीन महिन्यांनीं परत घेत होती आणि तो मिळाल्याचा आनंद मानीत होती. तिच्या दृष्टीनें ही सक्तीची बचत होती, आणि तिला हसणें सोपें असलें तरी योग्य नव्हे. हातांत राहिलेला पैसा खर्चून जातो, हें तिला अनुभवानें ठाऊक होतें. परंतु ज्याच्याजवळ आज जास्त देण्यास कांहींच नव्हतें, ज्याला उधारीवांचून चूल पेटवितां येत नव्हती, तो या दुकानाच्या बाहेरच राहिला. गरिबांसाठीं निघालेली संस्था अगदीं तळच्या गरिबाला पोंचली नाहीं.

हिंदुस्थानांत सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ सालीं झाला आणि त्याच वर्षीं मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागांत ग्राहकांची सहकारी संस्था निघाली. १९१२ च्या कायद्यानें पतपेढ्यांखेरीज इतर संस्थांनाही वाट मोकळी झाली. मुंबईंत दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं, १९४३ सालीं, धान्याचें रेशनिंग सुरू झालें, आणि रांग, टंचाई व काळा बाजार यांची ओळख प्रत्येक चाळीला झाली. या अनुभवाच्या पाठोपाठ, १९४८ सालीं, नायगांवच्या कामगार वस्तींत ‘अपना बाजार’ उभा राहिला. गिरणगांवांतील कुटुंबांना त्याच्या फळीवरचें सामान केवळ स्वस्त म्हणून हवें नव्हतें. तेथें तोलांत आणि मालांत दगा होणार नाहीं, हा भरंवसा हवा होता.

सहकाराच्या या घराण्यांतील आणखी एक शाखा अधिक विलक्षण आहे. १९७५ सालीं स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनें दुकानच काढलें नाहीं. शेजारच्या कांहीं कुटुंबांनीं एक संघ करावयाचा, महिन्याची मागणी आगाऊ नोंदवावयाची, सर्वांची मागणी एकत्र करून माल घाऊक घ्यावयाचा, आणि ठरलेल्या दिवशीं एखाद्या सभासदाच्या घरीं तो उतरवून आपसांत वांटून न्यावयाचा. काचेचीं कपाटें नाहींत, रोषणाई नाहीं, जाहिरात नाहीं. म्हणून त्यांचा खर्च डाळीच्या किंमतींत शिरत नाहीं. बिंदुमाधव जोशी आणि संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखी मंडळी या चळवळींत होती. यांत परतावा देण्याचा प्रश्नच उरत नाहीं, कारण मुळांत जास्त घेतलेलें कांहीं नसतें. अडचण इतकीच कीं आपल्या पाळीच्या दिवशीं पोतीं उतरवून घ्यावीं लागतात, आणि शेजारणीच्या यादींतला साबुदाणा आपल्या पिशवींत आला तर तो परत नेऊन द्यावा लागतो. ज्या कुटुंबांत तेवढा वेळ आणि तेवढा शेजार आहे त्यांना हा मार्ग अजूनही परवडतो.

आतां दुसऱ्या जातीच्या बक्षिसाकडे वळावें. अमेरिकेंत १८९६ सालीं स्पेरी आणि हचिन्सन या नांवाची कंपनी निघाली. ती कांहीं खाण्याचा माल विकत नसे. ती दुकानदारांना हिरव्या रंगाचीं चिकट तिकिटें विकी. दुकानदार दहा सेंटांच्या खरेदीमागें एक तिकिट गिऱ्हाइकास देई. गिऱ्हाईक तीं वहींत चिकटवी, आणि वह्या भरल्या कीं कंपनीच्या भांडारांतून दिवा, घोंगडी, चहाचीं भांडीं असें कांहीं घेऊन येई. इंग्लंडांत १९५८ पासून अशाच तिकिटांचा धंदा ग्रीन शील्ड नांवाच्या कंपनीनें चालविला, आणि टेस्को या किराण्याच्या मोठ्या पेढीनें १९६३ पासून तीं तिकिटें वांटण्यास आरंभ केला. तिकिटें चिकटविण्याचें काम बहुधा मुलांकडे असे, आणि त्या डिंकाची चव पुष्कळ इंग्रज माणसांना म्हातारपणींही आठवते. पण दिव्याचे आणि घोंगडीचे पैसे शेवटीं कोण देत होतें? पहिल्या दुकानदारानें तिकिटें दिलीं तेव्हां समोरच्याचीं गिऱ्हाइकें त्याच्याकडे आलीं आणि खर्च भरून निघाला. समोरच्यानेंही दिलीं तेव्हां गिऱ्हाइकें जेथल्या तेथें राहिलीं आणि खर्च मात्र दोघांच्याही मानेवर बसला. मग तो किंमतींत मिसळला. १९६४ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें कायदा करून प्रत्येक तिकिटावर त्याचें रोख मोल छापणें बंधनकारक केलें, तेव्हां तें मोल किती बारीक आहे हें लोकांना डोळ्यांनीं दिसलें. १९७७ सालीं टेस्कोनें तिकिटें बंद केलीं, वांचलेला पैसा किंमती उतरविण्यांत घातला, आणि तिचा धंदा वाढला.

जर्मनींत ही गोष्ट याहून आधीं आणि याहून नेमकी घडली. तेथें १९३३ च्या एका कायद्यानें दुकानदारानें गिऱ्हाइकास द्यावयाच्या सुटीवर शेंकडा ३ ची मर्यादा घातली होती. मोठ्या पेढ्या, आणि त्यांत सहकारी भांडारेंही आलीं, या सुटीचीं तिकिटें देत. गिऱ्हाइकानें तीं सांचवून ठराविक मुदतीनें पैसे परत मागावयाचे. एसेन शहरांत आईचें लहानसें दुकान चालविणाऱ्या कार्ल आणि थिओ आल्ब्रेख्ट या भावांनीं दुसऱ्या महायुद्धानंतर तिकिटांचा पसारा टाकून दिला आणि ते शेंकडा ३ विक्रीच्या आधींच किंमतींतून वजा केले. हिशेबानें पाहतां दोन्हींत फरक कांहींच नाहीं. तीन म्हणजे तीन. पण तिकिटें हरवतात, वही अर्धीच राहते, मुदत टळते, आणि हरवलेल्या तिकिटांचा पैसा गिऱ्हाइकाकडे येत नाहीं. शिवाय तिकिटें छापणें, मोजणें, सांभाळणें यालाही माणूस लागतो. त्या भावांनीं मालाचे प्रकार थोडे ठेवले, शोभेवर खर्च केला नाहीं, आणि पुढें त्यांच्या दुकानांना ‘आल्डी’ हें नांव पडलें. आजच्या कार्डावरील गुणांची मुदत बारा महिन्यांनीं संपते तेव्हां जो संताप होतो, त्याचें निदान एसेनच्या त्या दुकानांत पूर्वींच होऊन गेलेलें आहे.

मग तिकिटें बुडाल्यावर तींच कार्डाच्या रूपानें पुन्हां कां अवतरलीं? कारण कार्डाला तिकिटाहून एक गोष्ट अधिक करतां येते. तिकिट मुकें असतें, कार्ड सांगतें. टेस्कोनें फेब्रुवारी १९९५ मध्यें आपलें ‘क्लबकार्ड’ काढलें, एका पौंडाच्या खरेदीस एक पेनी, म्हणजे शेंकडा एक. प्रतिस्पर्धी पेढीनें ही तर विजेवर चालणारीं जुनीं हिरवीं तिकिटें, अशी थट्टा केली, आणि पुढच्याच वर्षीं स्वतःचेंही कार्ड काढलें. थट्टा करणाऱ्याच्या लक्षांत जें आलें नाहीं तें टेस्कोच्या अध्यक्षांच्या लक्षांत आलें होतें. क्लाइव्ह हम्बी आणि एड्विना डन या दांपत्यानें कार्डावरून काढलेले निष्कर्ष पाहून ते म्हणाल्याचें प्रसिद्ध आहे कीं, आपल्याला तीस वर्षांत गिऱ्हाइकांविषयीं जें कळलें नाहीं तें यांना तीन महिन्यांत कळलें, आणि याचीच भीति वाटते. कोणत्या घरांत नुकतें मूल झालें आहे, कोणाच्या घरची साखर एकाएकीं बंद झाली, कोण महिन्याच्या अखेरीस स्वस्त चहावर उतरतो, हें सारें त्या यादींतून वाचतां येतें. शेंकडा एक ही त्या माहितीची किंमत आहे, आणि विकणाऱ्याला आपण कांहीं विकीत आहों याची बहुधा कल्पना नसते.

२०१९ पासून त्याच पेढीनें कार्डवाल्यास एक किंमत आणि बिनकार्डवाल्यास दुसरी, असा प्रकार सुरू केला. इतरांनींही तो उचलला. येथें तिसरें उत्तर प्रत्यक्ष दिसूं लागतें, कारण एका रांगेंतील सूट म्हणजे शेजारच्या रांगेंतील भुर्दंड असें कोणासही वाटेल. लोकांत तक्रारी झाल्यावर ब्रिटनच्या स्पर्धा-नियंत्रक संस्थेनें सुमारें ५०,००० जिन्नसांच्या अशा किंमती तपासल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें निष्कर्ष दिला: शेंकडा ९२ जिन्नसांवर नेहमींच्या किंमतीपेक्षां खरीच बचत होत होती. सवलत ही केवळ फसवणूकच, असें म्हणणाऱ्यांनीं हा आंकडा विसरूं नये. पण त्याच संस्थेनें हेंही बजावलें कीं कार्डाची किंमत ही बाजारांतील सर्वांत कमी किंमत असेलच असें नाहीं. तोच जिन्नस दुसऱ्या दुकानांत कार्डावांचूनही स्वस्त असूं शकतो. बचत खरी, आणि तरीही खरेदी महाग: हीं दोन्ही वाक्यें एकाच वेळीं सत्य असूं शकतात.

मुंबईकडे परत येतांना एक दुवा आपोआप सांपडतो. राधाकिशन दमाणी या शेअरबाजारांतील व्यापाऱ्यानें १९९९ च्या सुमारास नव्या मुंबईंत नेरुळ येथें अपना बाजाराचीच एक शाखा चालवावयास घेतली होती. ती पद्धत त्यांना पटली नाहीं. २००२ सालीं पवईला त्यांनीं ‘डी-मार्ट’ हें स्वतःचें दुकान काढलें. २०२५ पर्यंत अशीं चारशेंहून अधिक दुकानें झालीं. जागा शक्यतों विकत घ्यावयाची म्हणजे भाड्याचा बोजा नाहीं, माल पुरविणाऱ्यांचे पैसे लौकर चुकते करावयाचे म्हणजे ते भाव उतरवून देतात, आणि रोजच्या रोज किंमत कमी ठेवावयाची. गुणांच्या वह्या नाहींत. आल्ब्रेख्ट बंधूंच्या विचाराशीं हा विचार जुळतो. चार पावलें अधिक चालणारीं, रांगेंत उभीं राहणारीं आणि ओझें स्वतः वाहणारीं माणसें या पद्धतीचे अर्धे खर्च उचलतात. तें त्यांच्या बिलावर लिहिलेलें नसतें, एवढेंच.

या ठिकाणीं छापील किंमतीविषयीं दोन शब्द बोलणें अवश्य आहे, कारण आपल्याकडील साऱ्या सवलती तिच्यापासून मोजल्या जातात. पुडक्यावरची ‘कमाल किरकोळ किंमत’ म्हणजे मालाचें मोल नव्हे. तिच्यावर विकणें गुन्हा आहे, अशी ती एक वरची मर्यादा आहे, आणि ती मर्यादा माल बनविणाराच ठरवितो. त्यानें ती उंच ठेवली तर शेंकडा चाळीस सूट देणेंही कठीण नाहीं. सूट किती, हें पाहण्याऐवजीं किलोला किंवा लिटरला काय पडलें हें पाहावें. एक लिटर खाद्यतेल वजनानें सुमारें ९१० ग्रॅम भरतें. शेजारीं ठेवलेली तशीच दिसणारी पिशवी ८०० किंवा ८५० ग्रॅमांची असूं शकते. २०२१ सालीं नियमांत दुरुस्ती होऊन पुडक्यावर दर ग्रॅमास, किलोस किंवा लिटरास पडणारा भावही छापण्याचें बंधन आलें. तो बारीक अक्षरांत असतो. चष्मा घेऊन बाजारांत जाण्यास लाजूं नये.

समजा, ठाण्यांतील एका चौघांच्या कुटुंबाचा वाणसामानाचा खर्च महिना ८,००० रुपये आहे. शेंकडा एक गुण देणारें कार्ड त्यांना महिन्यास ८० रुपये देईल. त्याच दुकानाचे भाव दुसऱ्यापेक्षां शेंकडा तीनच जास्त असले तर २४० रुपये अधिक जातील. दुसरें दुकान दूर असून रिक्षास जाऊन येऊन १२० पडत असतील तर महिन्यांतून एकदां तेथें जाणें लाभाचें, आठवड्यास जाणें मूर्खपणाचें. हें गणित चौथींतल्या मुलाला येतें. जें गणित येत नाहीं तें निराळें आहे: दीड हजारांच्या खरेदीवर किलोभर साखर एक रुपयांत, असें वाचून तेराशें चाळीसवर थांबलेला माणूस एकशें साठ रुपयांचीं बिस्किटें उचलतो, आणि घरीं येऊन साखर स्वस्त मिळाली म्हणतो. घरपोंच सामान आणणाऱ्या यंत्रावर तर ही बिस्किटें उचलावयास हातही लांबवावा लागत नाहीं. २०२३ च्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें अशा तेरा छुप्या क्लृप्त्यांची यादी प्रसिद्ध करून त्यांस मनाई केली. न मागितलेली वस्तु टोपलींत सरकविणें, शेवटच्या पायरीवर नवे आकार लावणें, ‘आतांच घ्या, संपत आलें’ अशी खोटी घाई करणें, या त्यांतल्या. त्याच वर्षीं मे महिन्यांत बिल करतांना दूरध्वनीचा क्रमांक मागण्याचा आग्रह धरूं नये, असेंही दुकानदारांना कळविण्यांत आलें होतें. क्रमांक न देतांही बिल मिळतें, ही गोष्ट पुष्कळांना अजून ठाऊक नाहीं.

आणि मग कोपऱ्यावरचा वाणी. त्याच्या गल्ल्यावर ‘आज रोख, उद्यां उधार’ अशी पाटी असते आणि पाटीखालींच उधारीची वही असते. पोराच्या हातावर तो गुळाचा खडा ठेवतो, दिवाळीला दिनदर्शिका देतो. भाजीवाली मूठभर कोथिंबीर वर टाकते त्याच जातीचें हें बक्षीस, आणि त्याला मुदत नसते. पण त्याचें खरें देणें वहींत आहे. पहिल्या तारखेला घेतलेल्या सामानाचे पैसे तो तिसाव्या तारखेला घेतो आणि व्याज लावीत नाहीं. तें व्याज त्याच्या किंमतींत मिसळलेलें असतें, हें खरें. रोखीनें घेणारा गिऱ्हाईक उधारीवाल्याचा थोडा भार वाहतो, हेंही खरें. तथापि रॉचडेलच्या दुकानाबाहेर जो माणूस उभा राहिला होता त्याला आत घेणारें आपल्याकडील दुकान हेंच आहे. पगार थकला, घरांत दुखणें आलें, तर गुणांचें कार्ड कांहीं तांदूळ देत नाहीं. २०२० च्या टाळेबंदींत मोठ्या दुकानांसमोर वर्तुळें आंखून रांगा लागल्या होत्या, तेव्हां कित्येक घरांना याच वाण्याच्या मुलानें जिना चढून पीठ आणून दिलें.

जुन्या घरांतून आणखी एक रीत होती, तीही या हिशेबांत धरावयास हवी. चैत्र-वैशाखांत वर्षाचे गहूं-तांदूळ भरून ठेवावयाचे, उन्हें दाखवावयाचीं, तूरडाळीस एरंडेलाचा हात लावावयाचा, गव्हांत कडुनिंबाचा पाला घालावयाचा. हंगामांतला उतरलेला भाव हीच तेव्हांची सवलत. दोन खोल्यांच्या जागेंत पोतीं ठेवावयास ठिकाण उरलें नाहीं म्हणून ही बेगमी मोडली. तरी सहा महिन्यांची डाळ एका डब्यांत मावते, आणि तिच्यावरचा लाभ बहुतेक कार्डांच्या गुणांहून मोठा असतो.

वर कल्पिलेल्या ठाण्याच्या कुटुंबांतील गृहिणीनें समजा तीन महिने एक वही ठेवली. डाव्या पानावर जिन्नस, उजव्या पानावर तीन ठिकाणचे किलोचे भाव, आणि तळाशीं न ठरवतां घेतलेल्या वस्तूंची वेगळी बेरीज. पहिल्या महिन्यांत ती बेरीजच तिला सर्वांत जड वाटली. तिसऱ्या महिन्यांत यादीचे आपोआप तीन भाग पडले. साबण, चहा, तेल असें न नासणारें सामान महिन्यांतून एकदां मोठ्या दुकानांतून. गहूं आणि डाळ हंगामांत. आणि रवा, पोहे, गूळ, अर्धा किलो साखर, अचानक आलेल्या पाहुण्यांसाठीं लागणारें सारें वाण्याकडून. कार्ड तिनें ठेवलें, पण त्याच्यासाठीं म्हणून एकही फेरी मारावयाची नाहीं असें ठरविलें.

मग एके संध्याकाळीं ती पोहे आणावयास गेली असतां वाण्यानें तराजूवरून नजर न काढतां विचारलें, ‘वहिनी, दोन महिने झाले, तूरडाळ नाहीं नेली आपण?’ तिनें खरें तें सांगितलें, भावही सांगितला. त्यानें मनाशीं कांहीं हिशेब केला, पोह्यांची पुडी बांधली, आणि म्हणाला, ‘त्या भावांत मला नाहीं परवडत. पण पांच किलो एकदम घेणार असाल तर किलोमागें सहा रुपये सोडतों, आणि पैसे महिनाअखेरीस द्या.’ तिनें वही पिशवींतून बाहेर काढली आणि गल्ल्याच्या कडेवर ठेवून त्या पानावर चौथा भाव लिहिला.